दास्यविमोचनाची चित्रे : बखर की अस्सल?

रत्नागिरी प्रांती हबशी म्हटला म्हणजे सत्ताधीश डोळ्यांपुढे उभा राहतो. अंजनवेलीवर सिद्दीचा अंमल होता, आणि इ. स. १७२७ त सिद्दी साताने परशुरामक्षेत्राचा जो विध्वंस केला त्याचा सल ब्रह्मेंद्रस्वामींच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही. उलट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील विलायती चित्रे चाळू लागावे तो आफ्रिकेचा मनुष्य गुडघे टेकलेला, साखळदंडांनी जखडलेला आणि बहुधा निनावी असा भेटतो. ही दुसरी प्रतिमा गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीने घडविली. तिने कार्य मोठे केले, याविषयी वाद नाही. ऐतिहासिक साधन या नात्याने तिचा अधिकार किती, हा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि प्रस्तुत लेखात आम्हांस त्याचाच विचार कर्तव्य आहे.

वेजवुड नामक कुंभकाराने १७८७ साली काढलेली मुद्रा प्रसिद्ध आहे. तीत हात जोडून दया भाकणारा बंदिवान दाखविला आहे. तो कोण, कोठला, हे मुद्रा सांगत नाही. सांगण्याचा तिचा हेतूही नव्हता. तिच्याहून आम्हांस ‘ब्रुक्स’ या गलबताचा १७८८-८९ चा नकाशा अधिक मोलाचा वाटतो. नव्या कायद्याप्रमाणे परवानगी असलेली ४५४ माणसे त्या गलबतात मावतील कशी, एवढेच त्यात आखून दाखविले आहे. पूर्वी याच गलबतातून ६०९ माणसे नेल्याची नोंद आहे. रडारड नाही, शब्दालंकार नाहीत. गलबताची मोजमापे आणि ओळीने निजविलेली माणसे. जमाखर्चाच्या वहीने मनुष्य हादरावा, तसा हा नकाशा पाहून तो हादरतो.

लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशीचे दोन भाग हॉरेस वॉलर याने १८७४ साली छापले. त्यांत दमून पडलेल्या कैद्यास व्यापारी ठार मारीत आहेत असे एक कोरीव चित्र आहे. मजकुराचा आधार खरा असला तरी चित्रकार त्या रानात गेलेला नव्हता. अशा चित्रास आम्ही बखरीच्या पंक्तीस बसवितो : वृत्तान्त ऐकीव, रंग लेखकाचा, आणि वाचकाच्या मनावर पकड मात्र अस्सल कागदाहून घट्ट.

मग फोटोग्राफ तरी अस्सल मानावा काय? ‘डॅफ्नी’ या आरमारी जहाजाने १८६८ साली अरबी गलबतांवरून सोडविलेल्या लोकांचे फोटोग्राफ इंग्रज सरकारच्या परराष्ट्र दप्तरात गुलामांच्या व्यापाराविषयीच्या कागदांबरोबर राहिले. जहाज ठाऊक, साल ठाऊक, दप्तर ठाऊक. म्हणून त्यांचा अधिकार थोर. मात्र त्या कृश मुलांची नावे त्या फोटोग्राफांवरून कळत नाहीत. पुराव्यासाठी म्हणून त्यांस यंत्रापुढे बसविले, आणि पुरावा म्हणूनच ती उरली.

अशाच सोडविलेल्या मुलांपैकी कित्येक मुंबईस उतरविली जात, व त्यांतील काही नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनच्या आश्रमात वाढली. लोक त्यांस सरसकट हबशी म्हणत. हबश देशाशी त्यांतील पुष्कळांचा संबंध नव्हता. १८६६ साली लिव्हिंगस्टनबरोबर नाशिकची नऊ मुले गेली, आणि १८७२ साली त्याच्या मदतीस पुनः नाशिककर पाठविण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन वारला. त्याचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, त्या झाडावर अक्षरे कोरणारा जेकबच. सोबत्यांनी महिनोगणती चालून शव किनाऱ्यास आणल्यावर तो पेटीबरोबर विलायतेस गेला. त्या पेटीसह त्याचा फोटोग्राफ प्रसिद्ध आहे. चुमा व सुसी मागाहून न्यूस्टेड अ‍ॅबे येथे गेले. तेथे वॉलर व लिव्हिंगस्टनची मुले यांच्यासह घेतलेल्या फोटोग्राफात रोजनिशी व नकाशे यांवर चर्चा चालल्याचा देखावा आहे.

हे फोटोग्राफ मांडणीचे आहेत, हे उघड आहे. परंतु त्यांत गुडघे टेकलेला कोणी नाही, आणि चित्रितांची नावे कळतात. वॉलरच्या ग्रंथास चुमा व सुसी यांनीच तोंडी माहिती पुरविली, हे ध्यानी घेता तो देखावा निव्वळ खोटाही ठरत नाही. ‘एकनिष्ठ सेवक’ या शिक्क्याखाली त्यांची इतर ओळख झाकली गेली, आणि वाढलेल्या पुरुषांसही विलायती लेखक ‘नाशिकची मुले’च म्हणत राहिले. जेकबने मात्र इंग्रजीत रोजनिशी लिहून ठेवली. तिचे जर्मन भाषांतर १८७४ सालीच छापले गेले व मूळ हस्तलिखितही आज उपलब्ध आहे. फोटोग्राफातील इसम स्वतः साक्ष देतो, असा योग विरळा. त्याचा फोटोग्राफ या रोजनिशीपासून तोडून पाहणे म्हणजे मोर्तब ठेवून पत्र टाकून देणे होय.

१८७३ च्या जूनमध्ये बार्टल फ्रिअरच्या शिष्टाईनंतर झांझिबारचा बाजार तहाने बंद झाला. त्याच साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून ती अमेरिकेतील दास्यमोचकांस अर्पण केली. आमच्या घरच्या दास्याचे चित्र मात्र कोणी काढले नाही. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी विकत घेतल्या-दिल्याचे उल्लेख आहेत, त्यांच्या किमती आहेत, चेहरा नाही. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने दास्यावरील हक्क अमान्य केला, तेव्हा फोटोग्राफीची कला नुकतीच जन्मास आली होती. परिणामी गुलाम म्हणजे दूरदेशीचा साखळदंडातला मनुष्य, अशी आमच्या वाचकांची समजूत चित्रांनी करून दिली आणि वाड्यातील कुणबीण दृष्टीआड राहिली. चित्रांच्या पुण्याईबरोबर हा दोषही त्यांच्या पदरी घालावा लागतो.

जुन्या पुस्तकांतील पाने कापून चित्रे तेवढी वहीत डकविण्याची खोड पुष्कळ संग्राहकांस आहे. या विषयाची चित्रे हाती आल्यास निदान खालची ओळ कापू नये, पुठ्ठ्याची पाठ डिंकाने झाकू नये, आणि चित्र कोठून आले ते कडेस टिपून ठेवावे. दप्तरात कुणबिणीची यादी निघाल्यास तीही क्षुल्लक म्हणून रुमालात परत बांधू नये.