उजव्या बगलेचा कलावंत

२ मे १९५३ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर लाखभर प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या एफ. ए. चषकाचा जो अंतिम सामना झाला, तो आजही मॅथ्यूजचा सामना म्हणून ओळखला जातो. ब्लॅकपूल आणि बोल्टन वाँडरर्स हे दोन क्लब त्यात समोरासमोर उभे होते. ब्लॅकपूलने चार गोल केले व सामना चार विरुद्ध तीन असा जिंकला. त्या चारांपैकी तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे, चौथा बिल पेरीचा, आणि स्टॅन्ली मॅथ्यूजचा एकही नाही. ग्रंथ एकाने लिहावा आणि मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचे छापावे, असाच हा प्रकार प्रथमदर्शनी वाटतो. वेंब्लीवरील चषकाच्या अंतिम सामन्यात तोवर कोणी एकट्याने तीन गोल केले नव्हते. तो पराक्रम करूनही बिचारा मॉर्टेन्सन उपेक्षित राहिला. खुद्द मॅथ्यूजलाही हे नामकरण कधी रुचले नाही. लोकांनी मात्र ते बदलले नाही. हा न्याय की अन्याय, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आणि तो करीत असता, मॅथ्यूजचे स्तुतिपाठक ज्या गोष्टीविषयी बहुधा मौन पाळतात तिच्याकडेही वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अवश्य वाटते.

फुटबॉलच्या जुन्या रचनेत आघाडीवर पाच खेळाडू असत. त्यांपैकी दोन टोकांस, सीमारेषेला चिकटून जे दोघे उभे राहत, त्यांस विंगर म्हणत. खेळाचा सारा कोलाहल मैदानाच्या मध्यभागी चाललेला असावयाचा आणि विंगरने बगलेला उभे राहून चेंडूची वाट पाहावयाची. चेंडू आला की समोरच्या बॅकला चकवून तो मैदानाच्या शेवटच्या रेषेपर्यंत न्यावयाचा, आणि तेथून गोलासमोरील सोबत्याच्या पायाशी वा डोक्याशी नेमका पोचवावयाचा. गोल त्या सोबत्याच्या नावावर लागतो. मॅथ्यूजने ब्लॅकपूलकडून चौदा वर्षांत लीगचे ३७९ सामने खेळून अवघे १७ गोल केले. हा हिशेब एखाद्या कारकुनापुढे ठेवला, तर तो या माणसाला दुसऱ्याच आठवड्यात कामावरून कमी करील. तरीही १९५६ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूस देण्याचा बॅलन डी'ओर हा बहुमान प्रथमच सुरू झाला, तेव्हा तो याच माणसास मिळाला. आणि दुसरा क्रमांक लागला तो रेआल माद्रिदच्या आल्फ्रेडो डी स्टेफानोसारख्या सव्यसाची खेळाडूचा. मॅथ्यूजचे वय त्या वेळी ४१ होते.

त्याच्या कलेचे मर्म सांगावयाचे, तर ती कला एकाच युक्तीची होती. चेंडू पायाशी घेऊन तो बॅकच्या दिशेने जवळजवळ चालत जाई. दोन हातांवर आला की थांबल्यासारखे करी. मग सारे अंग डावीकडे झुकवी, जणू आता आतल्या बाजूनेच जाणार; आणि बॅकचा तोल त्या बाजूला गेला रे गेला, की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू पुढे ढकलून तो उजवीकडून निसटे. पहिल्या दहा पावलांत त्याला गाठणे कोणाला साधत नसे. हे तो १९३२ साली करीत होता आणि १९६२ सालीही हेच करीत होता. इंग्लंडातील प्रत्येक बॅकला ही युक्ती ठाऊक होती. आदल्या रात्री तो तीच मनाशी घोळवीत निजत असेल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तिलाच फसत असेल!

नावीन्य हाच कलेचा प्राण असे मानणाऱ्या टीकाकारांस येथे अडचण पडेल. आम्हांस ती पडत नाही. कसलेला गवई समेवर येणार हे मैफलीतील प्रत्येकास ठाऊक असते, मात्रा मोजीतच श्रोता बसलेला असतो. तरी तो समेवर येतो तेव्हा मान डोलावल्याशिवाय राहवत नाही. अपेक्षित गोष्ट अपेक्षेच्या क्षणी, पण अनपेक्षित डौलाने घडावी, यातील आनंद काही वेगळाच आहे. अलीकडच्या काळात हॉलंडचा आर्यन रॉबेन उजव्या बगलेवरून आत वळून डाव्या पायाने गोल मारी, तेही सर्वांस ठाऊक असे आणि तरी कोणास अडविता येत नसे. परंतु आजचा विंगर आत वळतो तो बहुधा स्वतः गोल करण्याकरिता. मॅथ्यूज बाहेर जाई तो दुसऱ्याला गोल देण्याकरिता. या दोन वृत्तींत पुष्कळ अंतर आहे.

आता त्या सामन्याकडे वळू. त्याची चित्रफीत आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. बोल्टनचे तीन गोल झाले होते आणि ब्लॅकपूलचा एक. सुमारे वीस मिनिटांचाच खेळ उरला होता. याआधी १९४८ आणि १९५१ असे दोन अंतिम सामने मॅथ्यूज हरला होता. वडिलांनी मृत्युशय्येवर त्याच्याकडून या चषकाच्या पदकाचे वचन घेतले होते असे सांगतात. आणि आता तो ३८ वर्षांचा झाला होता. वेंब्लीवर जमलेले बहुतेक तटस्थ लोक त्याच्याच बाजूचे होते, ते यामुळेच. त्याने उजवीकडून मारलेला चेंडू बोल्टनच्या गोलरक्षकाच्या हातून निसटला व मॉर्टेन्सनने तो आत ढकलला. शेवटल्या मिनिटांत मॉर्टेन्सनने फ्री किकवर बरोबरी साधली. मग मॅथ्यूजने आपल्या समोरच्या बॅकला पुन्हा एकदा चकविले, शेवटच्या रेषेजवळ पोचला, आणि स्वतः घसरून पडता पडता चेंडू मागे दिला; पेरीने तो आत मारला. पेरी हा डाव्या बगलेचा विंगर. म्हणजे एका विंगरने दिला आणि दुसऱ्याने घेतला.

येथपर्यंत सर्व स्तुतिपाठक सांगतात. पुढचे फार थोडे सांगतात. त्या काळी जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा नव्हती. बोल्टनचा डावा हाफ एरिक बेल पूर्वार्धातच मांडीचा स्नायू दुखावून लंगडू लागला होता आणि त्याला नुसता आघाडीच्या टोकाला उभा करून ठेवला होता. तशा लंगड्या अवस्थेत त्याने एक गोलही केला, ही बोल्टनच्या जिद्दीची गोष्ट. परंतु त्याच्या जाण्याने जी बाजू उघडी पडली ती नेमकी मॅथ्यूजच्या समोरची. शिवाय डावा बॅक राल्फ बँक्स याच्या पायात गोळे येऊ लागले होते. तेव्हा अद्भुत वाटणारी ती वीस मिनिटे दोन जायबंदी माणसांच्या समोर घडली हे नमूद केलेच पाहिजे. मॅथ्यूजचे मोठेपण यामुळे नाहीसे होत नाही. कोणती भिंत खचली आहे हे ओळखून तेथेच पुन्हा पुन्हा धडक देणे ही बुद्धी आहे. पण केवळ प्रतिभेने सामना फिरविला हे म्हणणे भाबडेपणाचे होय.

त्याच्या खेळावर आक्षेपही होते, आणि ते सगळेच मत्सरातून निघाले नव्हते. तो चेंडू आपल्या पायाशीच मागे. मागे धावून बचाव करणे त्याच्या स्वभावात नव्हते. आणि त्याच्या त्या संथ आराधनेत सोबत्यांची गती मोडते, अशी तक्रार असे. इंग्लंडच्या निवड करणाऱ्यांस तो कधी पूर्णपणे मानवला नाही. १९३४ पासून १९५७ पर्यंतच्या २३ वर्षांत, मधली युद्धाची वर्षे वगळली तरी, त्याच्या वाट्यास देशाचे अधिकृत सामने आले ते ५४. १९५० च्या विश्वचषकात बेलो ओरिझोंतेच्या मैदानावर अमेरिकेसारख्या दुबळ्या संघाने इंग्लंडास एका गोलाने हरविले, त्या दिवशी मॅथ्यूज संघाबाहेर होता! प्रेस्टनच्या टॉम फिन्नीशी त्याची तुलना तर सतत चाले. फिन्नी उजवीकडे खेळे, डावीकडे खेळे, प्रसंगी मधेही खेळे. देशाकडून ७६ सामन्यांत त्याने ३० गोल केले, मॅथ्यूजचे ५४ सामन्यांत ११. आमचे स्वतःचे मत विचाराल तर अकरा जणांचा संघ निवडताना आम्ही फिन्नीस घेऊ. तिकीट काढून पाहावयास मात्र मॅथ्यूजकडे जाऊ.

तिकिटाचा विषय निघाला तो बरेच झाले. इंग्लंडात १९०१ पासून व्यवसायी खेळाडूच्या वेतनास कमाल मर्यादा होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान ती हंगामात आठवड्यास ८ पौंड, १९४७ साली १२, पुढे वाढत वाढत १९५८ साली २०. याहून अधिक देण्याची क्लबची इच्छा असली तरी मनाई होती. आणि करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे; जुना क्लब सोडील तरच तो दुसरीकडे जाई. १९३८ साली मॅथ्यूजने स्टोक सिटी सोडण्याची परवानगी मागितली, तेव्हा गावच्या कारखानदारांनी सभा बोलाविली. सभागृहात तीन हजारांहून अधिक लोक जमले, कित्येक बाहेर उभे राहिले, आणि मॅथ्यूज जाता कामा नये असे ठरले. तो राहिला. स्टोक हे कुंभारकामाचे गाव. मॅथ्यूज गेला तर कामगारांचे मन कामात लागणार नाही, अशी मालकांना धास्ती होती. या प्रसंगाचे वर्णन एका नगराचे आपल्या कलावंतावरील प्रेम म्हणून केले जाते. प्रेम होतेच. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याला अधिक द्यावे, असे त्या हजारोंपैकी कोणी म्हटल्याचे आम्ही वाचलेले नाही.

१९४७ साली स्टोकने त्याला ब्लॅकपूलला विकले, ते ११,५०० पौंडांस. आम्ही सहज भागाकार करून पाहिला. आठवड्यास १२ पौंड धरले तर ही रक्कम अठरा वर्षांच्या पगाराहून अधिक होते. आणि ती एका क्लबने दुसऱ्या क्लबला दिली. फिन्नीची हकीकत याहून बोलकी आहे. १९५२ साली पालेर्मो क्लबच्या इटालियन अध्यक्षाने त्याला सहीचे १०,००० पौंड, महिन्यास १३० पौंड, बंगला आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनने जाऊ दिले नाही. फिन्नी आपला नळजोडणीचा धंदा सांभाळून त्याच गावी खेळत राहिला. मॅथ्यूजने ब्लॅकपूलला हॉटेल चालविले, बुटांच्या जाहिरातीस नाव दिले, आणि स्वतः धूम्रपानापासून दूर असूनही सिगारेटच्या जाहिरातीतही झळकला. हॅन्ले गावच्या न्हाव्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा हा मुलगा. पहाटे उठून समुद्राच्या वाळूत धावणारा, मिताहारी, सोमवारी काही न खाणारा. (सोमवारचा उपवास इंग्लंडातही होता, हे आमच्या घरातील वडील मंडळींस कळले तर त्यांस धन्यता वाटेल.) त्या सिगारेटच्या चित्रावरून त्यास दोष देण्याचे आमच्याने होत नाही. कला विकता येत नाही म्हणून त्याने नाव विकले.

मॅथ्यूजला पंचाने कारकीर्दीत कधी ताकीद दिली नाही. बॅकने घोट्यावर लाथ मारली तर तो निमूटपणे उठून आपल्या जागी जाई. सद्गृहस्थ, नम्र, निगर्वी, ही विशेषणे त्याच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येतात आणि ती खोटी नाहीत. परंतु सौजन्य आणि आज्ञाधारकपणा यांची सरमिसळ होऊ लागली म्हणजे टीकाकाराने थांबावे. मे १९३८ मध्ये बर्लिन येथे जर्मनीशी सामना होता. नाझी पद्धतीने हात उंचावून वंदन करा, असा वरून हुकूम आला. खेळाडूंना तो आवडला नव्हता. तरी अकराही जणांनी हात वर केले, मॅथ्यूजनेही. मग इंग्लंडने सहा विरुद्ध तीन गोलांनी सामना जिंकला व त्यांतील एक गोल त्याचा होता. त्या छायाचित्राचा दोष त्या तरुणांच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ज्याला आपला क्लब सोडण्याची मोकळीक नाही, त्याने राजदूताची आज्ञा मोडावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

आमच्या नाटकमंडळ्यांत भागीदार नट आणि पगारी नट असा भेद असे. पगारी नटाने टाळ्या घ्याव्यात आणि पेटीची किल्ली मालकाच्या कनवटीला असावी, हे आम्हां प्रेक्षकांसही खटकत नसे. उलट विपन्न कलावंतावर आमची भक्ती अंमळ अधिकच जडे. मॅथ्यूजविषयीच्या इंग्रजी गोडव्यांत हाच सूर आम्हांस ऐकू येतो. पैशाच्या मागे न लागलेला जुन्या काळचा खेळाडू असे त्याचे चित्र आजच्या धनाढ्य खेळाडूंच्या शेजारी मांडले जाते. तो पैशाच्या मागे लागला नाही हे खरे की त्याला लागू दिले नाही हे खरे? आमचा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिलच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केली आणि कमाल वेतनाचा नियम गेला. फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्यास १०० पौंड देऊ केले. करार संपलेल्या खेळाडूस अडकवून ठेवण्याची पद्धत १९६३ साली जॉर्ज ईस्टमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी बेकायदा ठरविली. मॅथ्यूजला यातील लाभ मिळाला तो आयुष्याच्या अशा वळणावर, की जेव्हा इतर खेळाडू नातवंडांस खेळवीत असतात. ऑक्टोबर १९६१ मध्ये, ४६ वर्षांचा असताना, तो पुन्हा स्टोकला आला. स्टोक तेव्हा दुसऱ्या श्रेणीत रखडत होते. पगार ठरला आठवड्यास ५० पौंड, म्हणजे काही महिन्यांपूर्वी कायद्याने जितका मिळू शकत होता त्याच्या अडीच पट. त्याआधीच्या घरच्या सामन्यास ८,४०९ प्रेक्षक आले होते. मॅथ्यूज परतला त्या दिवशी ३५,९७४ आले. १९६३ साली स्टोक पहिल्या श्रेणीत गेले. १९६५ च्या आरंभी त्याला सर ही पदवी मिळाली, आणि ६ फेब्रुवारीस, पन्नास वर्षे व पाच दिवसांचा असताना, त्याने लीगचा शेवटचा सामना खेळला. समोर फुलहॅमचा संघ होता.