प्रवासवर्णनातील ‘आवडते’ आणि ‘असते’

एम्. ए. च्या वर्गात प्रवासवर्णने शिकविताना एक अडचण बहुधा दरवर्षी येते. परक्या लोकांविषयी लेखकाने केलेले एखादे विधान अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणाले की दुसरा विद्यार्थी तत्काळ उत्तर देतो, “ते लेखकाचे वैयक्तिक मत आहे.” एवढे म्हटले की चर्चा थांबते. आवडीनिवडीविषयी वाद घालू नये, हा संकेत येथे पूर्वग्रहाच्याही संरक्षणास येतो. ही गफलत नैतिक असण्याआधी भाषिक आहे असे मला वाटते, आणि तिचे मूळ आपल्या वाक्यरचनेत शोधता येते.

‘मला आंबा आवडतो’ ह्या वाक्यात क्रियापद आंब्याच्या लिंगवचनांप्रमाणे चालते. ‘मला आंबे आवडतात’, ‘मला कैरी आवडते’. म्हणून शालेय व्याकरणात येथे आंबा हाच कर्ता ठरतो, आणि खाणारा बिचारा चतुर्थीत उभा राहतो. हिंदी, कानडी, तमिळ ह्या भाषांतही आवड, भूक, राग, लाज सांगताना अशीच रचना येते. अनुभव घेणारा तो करीत नाही. अनुभव त्याच्याकडे येतो. ह्या रचनेचा एक मोठा गुण असा की तीत ‘मला’ हे पद शिल्लक राहते. ‘मला त्या अन्नाची किळस आली’ असे कोणी लिहिले तर ते खोटे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोणाला, केव्हा, कशाची, हे सर्व त्या वाक्यात आलेले आहे.

पुढच्या पायरीवर मात्र ‘ते अन्न किळसवाणे आहे’ असे वाक्य होते. ‘मला’ गळाले आणि लेखकाच्या पोटात उठलेली भावना अन्नाचा गुण होऊन बसली. तिसऱ्या पायरीवर ‘तिकडचे लोक गलिच्छ असतात’. मुंबईत घर भाड्याने देताना मांसाहारी भाडेकरूस नकार मिळाल्याच्या तक्रारी आपण अनेक वर्षे वाचीत आहोत. तेथे आरंभीचे वाक्य ‘मला वास सहन होत नाही’ एवढेच असते, आणि तेवढ्यापुरते ते निर्विवाद असते. नकार दिला जातो तो तिसऱ्या वाक्याच्या बळावर. कारण विचारले की पुढे केले जाते ते पहिले.

‘आहे’ आणि ‘असतो’ ह्यांतील भेद मराठीने जपला आहे. ‘दूध तापलेले आहे’ हे समोरच्या भांड्यातील दुधाविषयी झाले. ‘दूध पांढरे असते’ हे दुधाच्या जातीविषयी. प्रवाशाला दिसते ते पहिल्या प्रकारचे. घरी येऊन तो लिहितो ते पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचे. गाडीच्या डब्यात समोर बसलेला एक इंग्रज बोलला नाही. पुस्तकात ‘इंग्रज अबोल असतो’ असे उतरते. ह्या ‘असतो’ची खुबी अशी की दहा बडबडे इंग्रज दाखविले तरी वाक्य खोटे पडत नाही, ते अपवाद म्हणून बाजूस बसविले जातात. ‘सर्व इंग्रज अबोल आहेत’ हे विधान एका उदाहरणाने कोसळले असते. प्रवासवर्णनातील मते वादाला सापडत नाहीत ती ह्या क्रियापदामुळे. स्तुतीलाही हेच लागू आहे. ‘जपानी मनुष्य शिस्तप्रिय असतो’ हे वाक्य आपण निःशंकपणे वाचतो, एवढाच फरक.

जुन्या लेखकांकडे वळले म्हणजे आश्चर्य वाटते. विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ 1857 च्या धामधुमीतील प्रवासाचे वृत्त सांगतो. ते 1883 मध्ये लिहिले गेले आणि चिं. वि. वैद्यांच्या संपादनाने 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. (वैद्यांनी मजकुरावर हात फिरविला असल्याने भाषेच्या अभ्यासकाने 1966 ची पोतदारांची प्रत घ्यावी, क्रियापदांविषयी बोलताना हे विसरून चालत नाही.) गोडसे भिक्षुक होते, जातिधर्माच्या कल्पनांनी पुरते बांधलेले होते, आणि ऐकीव गोष्टीही विश्वासाने सांगत. तरी त्यांचे गद्य मुख्यतः भूतकाळात चालते. अमुक घडले, अमुक मिळाले. पूर्वग्रह त्यांच्यात आहेतच, पण ते प्रसंगाला चिकटून असल्याने आपल्याला ते वेगळे काढून तपासता येतात.

पंडिता रमाबाईंनी तर हा भेद ग्रंथाच्या नावातच मांडला आहे. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (1889) ह्यात ‘लोकस्थिति’ हा ‘असते’चा प्रांत, ‘प्रवासवृत्त’ हा ‘झाले’चा. पहिल्या प्रांतात त्या संस्था, कायदे, शिक्षण, आकडे ह्यांच्या आधाराने बोलतात. अमेरिकेविषयी मनात आदर असूनही तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि वर्णद्वेष त्या झाकीत नाहीत. त्यांचा उत्साह कोठे कोठे अतिरेकी वाटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्या ‘असते’शी भांडावयाचे तर कशाशी भांडावयाचे हे कळते.

‘अपूर्वाई’ (1960) मध्ये पु. ल. देशपांडे ह्यांनी ‘असतो’ला विनोदाचे साधन केले. तेथे सामान्य विधान इतके फुगविलेले असते की त्याचा फुगेपणा वाचकाला दिसतो, आणि हसण्याचा मोठा वाटा पाहणाऱ्या मराठी मध्यमवर्गीयाच्या पदरी पडतो. अनुकरण करणाऱ्यांनी ‘असतो’ उचलला आणि स्वतःवरचे हसे मागे ठेवले. त्यानंतरची पुष्कळ प्रवासवर्णने ह्या एका कारणाने वाचवत नाहीत.

इरावती कर्वे ह्यांचा ‘वाटचाल’ हा लेख मला ह्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीत तेच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवणाच्या वेळी वेगळे होतात, हे त्या पाहतात आणि त्याने बेचैन होतात. ही बेचैनी ‘मला’सकट लिहिली आहे, तीत लेखिकेचे स्वतःचे स्थान, जात, संकोच सारे उघडे राहते. त्याच लेखात त्या एक धाडसी सामान्य विधानही करतात. ज्या भूमीचे लोक पंढरपूरला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना वाटेवर सुचते. ही व्याख्या मला पटत नाही. वारीला न जाणारा कोकणातील मुसलमान किंवा वसईचा ख्रिस्ती मराठी भाषक तीत कोठे बसतो, हा प्रश्न वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारला तेव्हा “ते लेखिकेचे वैयक्तिक मत आहे” असे कोणी म्हणाले नाही. लेखिका कोणत्या वाटेने, कोणाबरोबर चालत त्या व्याख्येपर्यंत आली ते पानावर होते, आणि तास संपला तरी दोघेतिघे ती पाने उलटीत बसले होते.