उजवी कड

आजीच्या दोन वह्या होत्या. १९७२चा दुष्काळ, विहीर, सासरची माणसं, किराण्याचा हिशेब, सगळं एकात एक लिहिलेलं. ती गेल्यावर मी त्या वह्या टाइप केल्या आणि घरच्यांपुरतं एक छोटं पुस्तक केलं. वर्ड प्रोसेसरमध्ये सगळा मजकूर निवडला आणि ‘जस्टिफाय’चं बटण दाबलं. डावी-उजवी कड फुटपट्टी लावल्यासारखी सरळ झाली. वाटलं, झालं पुस्तक.

वर्षश्राद्धाला आईने त्यातलं एक पान वाचून दाखवलं. पाऊस न आल्याचं पान. आई वाचत होती, “त्या... वर्षी... पाऊस... आलाच... नाही.” मावशीने डोळ्यांना पदर लावला. मला मात्र काहीतरी खटकत होतं. आजी अशी बोलायचीच नाही. तिचं बोलणं म्हणजे पाटाचं पाणी, मध्ये कुठे थांबणं नाही, आणि दुःखाचं तर अजिबात कौतुक नाही. नंतर पान हातात घेऊन पाहिलं. त्या ओळीत पाचच शब्द होते आणि त्यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढ्या जागा पडल्या होत्या. आईने पानावर दिसलं तसं वाचलं होतं. तो गहिवर तिचा नव्हता आणि आजीचाही नव्हता. तो मी दाबलेल्या बटणाचा होता.

तेव्हापासून मी मराठी पानांकडे जरा संशयाने बघतो. कथासंग्रह, दिवाळी अंकांच्या पीडीएफ, फोनवरची ई-बुकं. आपण लेखकाच्या शैलीवर तासभर वाद घालतो, पण त्या शैलीचा श्वास ज्या जागांवर चालतो त्या कुणी ठरवल्या, हे विचारत नाही. बहुतेक वेळा त्या कुणीच ठरवलेल्या नसतात.

गणित साधं आहे. आजीच्या वाक्यातला पुढचा शब्द होता ‘शेजाऱ्यांच्याकडूनसुद्धा’. नऊ अक्षरं. इंग्रजीत एवढ्याच मजकुराचे चार शब्द होतात आणि ओळ त्यांच्यामध्ये कुठेही मोडता येते. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटवतो, त्यामुळे आपला शब्द सबंध उचलून पुढच्या ओळीत न्यावा लागतो. मागे आठ अक्षरांएवढी जागा रिकामी राहिली, तर ती पाच शब्दांमधल्या चार फटींत वाटली जाते. प्रत्येक फटीला दोन अक्षरांची जादा जागा. बारा शब्दांच्या इंग्रजी ओळीत तेवढीच जागा अकरा फटींत विरून गेली असती. फोनवर तर मराठीचे चार-पाच शब्द आले की ओळ संपते. म्हणजे तुम्ही आत्ता जिथे वाचताय, तिथेच ही अडचण सगळ्यात मोठी.

सरळ कड ही इंग्रजांकडून आलेली खोड आहे, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह मलाही झाला होता. पण ते खरं नाही. आपल्या जुन्या पोथ्यांच्या ओळी दोन्ही बाजूंनी भरलेल्याच असत. फरक एवढाच की त्यांत शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. ओळ भरली की लेखनिक कुठल्याही अक्षरावर थांबे आणि उरलेलं पुढच्या ओळीत लिही, मध्ये जोडरेघसुद्धा नाही. मोडीतही तेच, आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. तिथे सरळ कड फुकट मिळत होती. पुढे छापील मराठीत शब्द सुटे झाले आणि तेव्हापासून कडेची किंमत शब्दांमधल्या जागेतून वसूल व्हायला लागली. मजा म्हणजे ही किंमत चुकवायचा मार्ग आपल्याला शाळेतच शिकवलाय. विरामचिन्हांच्या धड्यात संयोगचिन्हाचे दोन उपयोग असतात. दोन शब्द जोडणं हा एक, आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिला तर ते दाखवणं हा दुसरा. दुसरा उपयोग आपण मार्कांपुरता पाठ केला.

यावर दुसरा उपाय म्हणून कुणी अक्षरांमधलं अंतर वाढवतं. रोमन लिपीत अगदी थोडं वाढवलं तर कळत नाही, कारण तिथली छापील अक्षरं मुळात सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा तुटते. ‘पाऊस’ हा शब्द दोरीवर वाळत घातलेल्या तीन कपड्यांसारखा दिसायला लागतो. हा उपाय मराठीसाठी बादच समजा.

मग उरतं शब्द मोडणं. संगणकाकडून हे चांगलं करून घेण्याचं काम जुनं आहे. डोनाल्ड कनुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१मध्ये परिच्छेदाच्या ओळी कशा पाडाव्यात यावर एक निबंध लिहिला. त्यातला विचार फार माणुसकीचा आहे. एकेक ओळ सुटी बघायची नाही, सबंध परिच्छेद बघायचा. पुढे एखादी ओळ भिकार होणार असेल तर आधीच्या ओळींनी थोडंथोडं सोसायचं. कनुथच्या ‘टेक’मध्ये हे चालतं. आपल्या नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्ये मात्र ओळ भरली की पुढची ओळ, मागे वळून बघायचं नाही.

शब्द कुठे मोडायचा याचे मराठीसाठीचे नियमही तयार आहेत. संतोष तोट्टिंगल यांनी भारतीय भाषांसाठी ते केले आणि मोफत उपलब्ध करून दिले. जोडाक्षर फोडायचं नाही, मात्रा अक्षरापासून तोडायची नाही, अनुस्वार एकटा पाडायचा नाही. हे नियम अक्षर सांभाळतात. पण त्यांना अर्थ कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. त्यामुळे ‘नवरात्रात’ हा शब्द ‘नवरा’पाशी मोडून ‘त्रात’ खाली पडू शकतो. ‘बदलापूर’मधून ‘बदला’ सुटू शकतो. गंभीर कथेत ओळीच्या टोकाला असा नवरा लटकताना दिसला की वाचक हसतो, आणि लेखकाला कधीच कळत नाही की तो का हसला. म्हणून यंत्राने मोडलेल्या शब्दांवरून एकदा माणसाची नजर फिरायला हवी. ती फिरवणारं माणूस आपल्या प्रकाशनव्यवहारात कितीसं उरलंय?

आजीच्या पुस्तकात मी आधी दुसरीच चूक केली. मोठे शब्द हाताने मोडले, साधी संयोगरेघ टाइप करून. कागदावर छान दिसलं. मग तोच मजकूर भावंडांना फोनवर पाठवला. ओळी बदलल्या आणि रेघा जिथल्या तिथे राहिल्या. ‘करण्या-साठी’, ‘विहिरी-वरच्या’, तेही ओळीच्या ऐन मधोमध. ई-बुकांत अशा रेघा तुम्हालाही भेटल्या असतील. शिवाय ‘विहिरीवरच्या’ शोधलं तर सापडतही नाही, कारण आता तो वेगळाच शब्द झाला. त्यासाठी मऊ संयोगरेघ असते, कंट्रोल आणि वजाचं चिन्ह एकत्र दाबून येणारी. शब्द तिथे मोडला तरच ती दिसते, नाहीतर लपून राहते. हे मला शंभरेक रेघा पुसल्यावर कळलं.

संवादांची आणखी एक गंमत. परिच्छेद न बदलता ओळ तोडायला मी शिफ्ट-एंटर वापरलं होतं. जस्टिफाय केलेल्या मजकुरात त्याने शेवटचे दोन शब्दही ताणले जातात. “हो” डाव्या टोकाला आणि “म्हणाली” उजव्या. मध्ये सगळं पान. आजोबा-आजींचं भांडण नसतानाही भांडण.

दुसऱ्या वेळी कागदासाठी सरळ कड ठेवली. मजकुराची भाषा मराठी आहे हे वर्ड प्रोसेसरला आधी सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय मराठीचे नियम लागत नाहीत. लागोपाठ दोनच ओळींना शब्द मोडायची मुभा दिली आणि मोडलेला प्रत्येक शब्द मोठ्याने वाचला. दोन संध्याकाळी गेल्या. फोनच्या प्रतीत कड मोकळी सोडून दिली. एरिक गिल या इंग्रज अक्षरकाराने १९३१मध्ये अक्षरमांडणीवरचं आपलं पुस्तक असंच उजवीकडे असमान ठेवून छापलं होतं. त्याचं म्हणणं होतं की शब्दांमधली जागा सारखी असणं हे कडा सारख्या असण्यापेक्षा महत्त्वाचं. फोनपुरतं मला ते पटतं. भावाला नाही पटलं. “हे व्हॉट्सॲप मेसेजसारखं दिसतं,” तो म्हणाला. दिसतं खरं.

आईने ते पान फोनवर पुन्हा वाचलं, स्वयंपाकघरात, पोळ्या करता करता. “त्या वर्षी पाऊस आलाच नाही, शेजाऱ्यांच्याकडूनसुद्धा पाणी मागायची लाज वाटायला लागली.” एका दमात. आणि पुढच्या वाक्यात, जिथे आजी शेजारणीला तोंडावर काय म्हणाली ते लिहिलंय, तिथे ती चक्क हसली. मग म्हणाली, छापील पुस्तकात तेविसाव्या पानावर ‘सासर’ अजून ‘सास’पाशीच मोडलंय, तेवढं बघ.