दोन तासांमधली काळी माती

सोयाबीन उगवून आठ-दहा दिवस झाले की धुऱ्यावर उभं राहून शेत पाहावं. पानं अजून दाटलेली नसतात, त्यामुळे पेरणाऱ्याचं सगळं काम उघडं दिसतं. तास कुठे सरळ गेला, कुठे बी दाट पडलं, कुठे नांगे पडले, सगळं कळतं. पुढे महिन्याभरात पानं हे झाकून टाकतात. मला याच दिवसांतलं शेत सर्वांत देखणं वाटतं, आणि त्यातही दोन तासांमधली दीड फूट काळी माती.

भारी जमिनीसाठी शिफारस आहे ४५ बाय ५ सेंटिमीटरची. या आकड्यांत केवढा विचार आहे! या अंतराने हेक्टरी साधारण ४ लाख ४४ हजार रोपं बसतात. बियाणं सांगितलंय हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३०. शंभर दाण्यांचं वजन साडेबारा ग्रॅम धरलं तर त्यात सहा लाख दाणे येतात. ७० टक्के उगवण मिळाली की रोपं होतात ४ लाख २० हजार. हिशेब जवळजवळ जुळतो. ज्याचं बियाणं ८५ टक्के उगवतं त्याने तरीही तीसच किलो पेरलं, तर तो पैसे देऊन गर्दी विकत घेतो. दाटीत रोपं उंच वाढतात, लोळतात, फांद्या धरत नाहीत. आणि ती मोकळी दीड फूट जागा फुलोऱ्याआधीच्या दोन कोळपण्यांची वाट आहे. ती अरुंद झाली की तणाचा खर्च मजुरीवर नाहीतर फवारणीवर जातो.

मध्यम जमिनीत मात्र ३० बाय १० बरं. तिथे झाड फार पसरत नाही, दीड फूट जागा उघडी राहते आणि ओल उडून जाते. फुले संगमसारखं पसरणारं वाण भारी रानात असेल तर ४५ ही कमीत कमी समजावी.

आता अवजार. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांत जे मोजमाप असतं त्याला माझा नमस्कार. दाणे सोडण्याचा वेग ती बैलांच्या चालीशी जुळवते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात ते काम पेटीखालच्या भागाकडे जातं, आणि यंत्राची पारख तिथेच करायची. काही यंत्रांत खाचांचा रोळ असतो. तो बी धारेने सोडतो आणि सोयाबीनच्या पातळ सालीला दुखावतो. साल तडकली की दाणा दिसायला चांगला, पण उगवत नाही. तिरप्या तबकडीचं यंत्र वेगळं. तबकडी फिरते, एकेका खाचेत एकेक दाणा बसतो, वर जातो, अलगद नळीत पडतो. झाकण काढून हे एकदा पाहावंच. मात्र तबकडी आपल्या वाणाच्या दाण्याला बसणारी हवी.

खोली तीन ते पाच सेंटिमीटर, त्याखाली नको. कोंब मान वाकवून, दोन्ही डाळी ओढत वर येतो. बी खोल गेलं किंवा पेरणीमागे जोराचा पाऊस होऊन पापडी धरली, तर ती मानच मोडते. म्हणून खोली धरून ठेवणारी चाकं ज्या यंत्राला आहेत, त्याला मी दोन पैसे जास्त देईन.

चिबडणाऱ्या काळ्या रानात माझी पसंती बीबीएफ यंत्रालाच. रुंद वरंब्यावर चार तास आणि दोन्ही अंगांना सरी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. पाचव्या तासाची जागा सरीला जाते, त्यामुळे बियाण्याचा साधारण पाचवा हिस्सा वाचतो. दोन-तीन एकरवाल्याने यंत्र विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावं. फक्त घाई असलेल्या चालकाला वेग आवरायला सांगावं, कारण वेग वाढला की तबकडीच्या खाचा रिकाम्या जातात.

रानात शिरण्याआधी यंत्र कडक जमिनीवर थोडं चालवावं आणि एका तासातले मीटरभरातले दाणे मोजावेत. ७० टक्के उगवणीच्या बियाण्याचे सत्तावीसच्या आसपास हवेत. पस्तीस निघाले तर तबकडी बदलूनच पुढे जावं.