तारेतली कार्डे आणि छापील कुलवृत्तांत

आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीविषयी एकच ओळ आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, १९१८च्या मानमोडीच्या साथीत त्या वारल्या. लहानपणापासून घरातही मी हेच ऐकत आलो. ही ओळ चुकीची आहे, असे मला आमच्याच घरातल्या पोस्टकार्डांनी दाखवले. ते कसे, हे येथे मांडतो. त्या निमित्ताने कुलवृत्तांत या लेखनप्रकाराविषयीही थोडे बोलायचे आहे.

ही कार्डे मला वडिलांकडून पत्र्याच्या पेटीत मिळाली. बहुतेक सर्व पणजोबांना आलेली आहेत. त्यांचे धाकटे भाऊ गिरगावात राहत आणि एका पेढीवर कारकुनी करत. पत्ता देवगड तालुक्यातला, जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग जिल्हा पुढे १९८१ साली झाला. प्रत्येक कार्डाच्या मध्यभागी भोक आहे, कारण वाचून झालेले कार्ड भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवण्याची रीत होती. त्या भोकात एखाददुसरे अक्षर गेले आहे, पण तारेने एक उपकारही केला. जुने कार्ड खाली आणि नवे वर, हा क्रम तिने जपला. पेटी उघडली तेव्हा तार गंजलेली होती, तरी कार्डे तिच्यातच होती.

पेटीच्या तळाशी पाच-सहा चित्रकार्डेही निघाली. त्यांतली दोन म. वि. धुरंधरांच्या चित्रांची, मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तेवढीच मागितली आणि उरलेल्यांना रद्दी म्हटले. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. रविवर्मा प्रेसची आणि धुरंधरांची कार्डे आज कलेच्या इतिहासात मानाने बसली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे पोस्टकार्ड म्हणजे चित्र, अशी आपली समजूत झाली. चित्र नसलेल्या सरकारी कार्डाकडे कागदपत्र म्हणून पाहणारे फार थोडे.

हे सरकारी कार्ड भारतात १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. मुंबईतल्या चाकरमान्याला गावाशी बोलण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नव्हते. पण कार्ड उघडे असते. गावात ते पोस्टमन वाचे, पुष्कळदा तोच मोठ्याने वाचून दाखवी. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असे, म्हणून कर्ज, भांडण, घरातली लाज यांतले काही कार्डावर येत नाही. शिवाय मृत्यूची वार्ता देणारे कार्ड वाचताच फाडून टाकत, ते घरात ठेवत नसत. म्हणजे तारेतल्या कार्डांत मरण सापडणारच नाही, अशी व्यवस्था रीतीनेच करून ठेवलेली आहे. जो संशोधक मजकुरावरच विसंबेल त्याला सगळे कुटुंब सदैव ‘क्षेम’ आहे असेच वाटेल.

मग वाचायचे काय? मायने आणि आशीर्वाद. आपण ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘लोभ असावा’ ही ठरीव अक्षरे ओलांडून पुढे जातो. पण ठरीव आहेत म्हणूनच त्यांतला बदल बोलका असतो. मी पन्नाशीत मोडीचा वर्ग केला. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग जोडलेले, त्यामुळे सुरुवातीला मजकूर लागेना. लागत ती फक्त ‘चि.’, ‘सौ.’, ‘ती.’ ही अक्षरे. नाइलाजाने मी तीच टिपत गेलो.

या टिपणात आजोबांच्या बहिणीचा माग लागला. घरात सगळे त्यांना ताई म्हणत. १९१८च्या श्रावणापर्यंत काका प्रत्येक कार्डाच्या मजकुरात चि. सौ. ताईच्या सासरची खुशाली विचारतात. त्या सालच्या आश्विनातले एकही कार्ड तारेत नाही. मुंबईत इन्फ्लुएंझाची दुसरी, मोठी लाट आली ते हेच दिवस. पुढचे कार्ड जानेवारी १९१९चे. शिक्का स्वच्छ आहे. त्यात सासरची चौकशी नाही. मात्र शेवटी घरातल्या माणसांना आशीर्वाद आहेत, त्यांत वहिनींनंतर ‘चि. ताईस’ असे आहे. ‘सौ.’ गेले आणि ताई माहेरच्या यादीत आल्या. ‘गं. भा.’ लिहायला काकांचा हात धजला नसावा. मुलगीच होती ती. साथीत ताई गेल्या नव्हत्या, त्यांचे यजमान गेले होते.

यावर आक्षेप घेता येईल. एका अक्षरावर एवढा डोलारा? लिहिताना ‘सौ.’ राहून गेले असेल. म्हणून आणखी एक कार्ड महत्त्वाचे. त्यावर वैशाखातली तिथी आहे, साल नाही. शिक्क्यातले साल शाईत बुडाले आहे. ताईला थंडीताप येतो, बोटी बंद व्हायच्या आत क्विनाईन पाठवतो, असा मजकूर. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत, तेव्हा ही घाई वैशाखाशी जुळते. पण साल कोणते? छापील मुद्रेतला राजा पाचवा जॉर्ज. तो १९१० ते १९३६ गादीवर होता, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. उपयोगी पडली ती किंमत. पाव आण्याच्या छापील कार्डावर शेजारी आणखी पाव आण्याचे तिकीट चिकटवलेले आहे. कार्डाचा दर अर्धा आणा झाला तो १९२२ साली. एरवी पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या काकांनी विनाकारण दुसरा पैसा खर्चला नसता. म्हणजे हे कार्ड १९२२चे किंवा नंतरचे. साथीनंतर निदान साडेतीन वर्षांनी ताई हयात होत्या, माहेरी होत्या आणि त्यांच्या तापाची काळजी मुंबईत बसलेला काका करत होता. ही ताई दुसरी कोणी असण्याचाही संभव नाही. पणजोबांना एकच मुलगी होती, हे कुलवृत्तांतच सांगतो.

कुलवृत्तांताला मी कमी लेखत नाही. गावोगाव फिरून, पदरमोड करून ज्यांनी ते सिद्ध केले त्यांच्यामुळेच आपल्याला मूळ पुरुष आणि शाखा कळतात. पण या प्रकारचा एक दोष सांगितला पाहिजे. त्याची माहिती घरातल्या कर्त्या माणसाने सांगितलेली असते, आणि कर्ता माणूस जे सांगतो ते छापून आले की तेच इतिहास ठरते. माजघरातली विधवा मुलगी त्याने मृत सांगितली, तर ती कागदावर मरते. आमच्याकडे ही ओळ कोणी आणि का सांगितली असेल याचा मी अंदाज बांधणार नाही. सांगणाऱ्याच्या लेखी ती दयाही असेल. पण ज्या बाईने नंतरची वर्षे त्या घरात दळण-कांडण करत काढली तिची ती वर्षे एका ओळीने पुसली गेली, ही गोष्ट दयेने भरून निघत नाही.

नव्या आवृत्तीसाठी मी दुरुस्ती पाठवली आहे: ‘१९१८मध्ये वैधव्य, १९२२ किंवा त्यानंतर माहेरी हयात.’ याहून अधिक लिहायला कार्डांचा आधार नाही, म्हणून लिहिलेले नाही. ज्यांच्या घरी अशी तार असेल त्यांना एवढेच सांगणे, की कार्डे सोडवण्यापूर्वी त्यांचा क्रम लिहून घ्यावा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, आणि मजकूर कंटाळवाणा वाटला तरी शेवटचे आशीर्वाद कोणाकोणाला आहेत ते जरूर वाचावे.