बॅटरी खरंच निर्दोष?

ख्रिस पेन यांचा 'हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?' (२००६) हा माहितीपट मी नुकताच पुन्हा पाहिला. कॅलिफोर्नियाने १९९० साली धूरमुक्त गाड्यांची सक्ती केली. १९९६मध्ये जनरल मोटर्सची 'ईव्ही १' रस्त्यावर आली. कंपन्या कोर्टात गेल्या, २००३मध्ये सक्ती सैल झाली आणि परत घेतलेल्या बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या.

पेन हे खुनाच्या तपासासारखं मांडतात. तेल कंपन्या, वाहन कंपन्या, सरकार, ग्राहक सगळे दोषी. बॅटरी तेवढी निर्दोष. हा निकाल मला पटत नाही. शिशाच्या बॅटरीवरची पहिली गाडी एका चार्जमध्ये फार लांब जात नसे. १९९९च्या आवृत्तीत नव्या बॅटरीने पल्ला वाढला. म्हणजे उणीव खरी होती आणि ती भरून निघत होती. हे कबूल केलं असतं, तर कंपनीवरचा आरोप अधिक जड झाला असता: सुधारणारी वस्तू तिने मोडीत काढली.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. गाडी फक्त भाडेकरारावर मिळे. उरलेल्या ७८ गाड्यांसाठी चाहत्यांनी १९ लाख डॉलर देऊ केले. कंपनीने विकायला नकार दिला. ज्या गाडीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती बंद झाली, तिचं गिऱ्हाईक फाटकाबाहेर पहारा देत बसलं होतं.