एका विस्मृत पथकाचा शाहीर

आव्हान नाट्य मंच हें नांव मराठी संगीताच्या इतिहासांत शोधूं जाणारास बहुधा निराशाच पदरीं येईल. १९८० नंतरच्या दशकांत मुंबईच्या कामगारवस्त्यांतून गाणाऱ्या या पथकाची कीर्ति ऐकणारांपुरतीच राहिली. त्यांतील विलास घोगरे आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' (१९८५) या चित्रपटांत गातांना दिसतात. १९९७ सालीं घाटकोपरच्या रमाबाई नगरांतील गोळीबारानंतर त्यांनीं आपलें जीवित संपविलें. त्याच पथकांतले संभाजी भगत आम्हांस ठाऊक होते ते 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाच्या संगीतामुळें. प्रत्यक्ष ऐकले ते महाडास, चवदार तळ्यानजीक, मार्चमधील एका सायंकाळीं.

पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरापलीकडे गेलें कीं पांचगणी. त्याच बाजूचें महू हें त्यांचें गांव. त्यांच्या बोलीचें वळण त्यामुळें येथें कोणास परकें वाटलें नाहीं. आवाज गोड नव्हे, व तो गोड करण्याचा यत्नहि नाहीं. पद मध्येंच थांबवून ते बोलूं लागतात, हंसवितात, आणि हंसूं ओसरण्यापूर्वींच पुढील कडवें अंगावर येतें. हें बोलणें कधीं कधीं पदाहून लांबतें, तें मात्र आम्हांस खटकलें.

परंतु एक गोष्ट येथेंच उमगली. ध्वनिमुद्रणांत झील ही नुसती साथ वाटते. वस्तुतः हीं गाणीं झीलकऱ्यांसाठींच रचिलेलीं आहेत. जुनें पथक आतां मागें नाहीं. तिसऱ्या पदास मंडपांतील आयाबायांनीं झील धरली, तेव्हां शाहीर क्षणभर गायचे थांबले व ऐकत उभे राहिले.